ताईत जवळ आहे

हणमंत शेडगेच्या उजव्या डोळ्यातला दाब त्या मंगळवारी सव्वीस भरला. शालनने यंत्राचं टोक पुसून पुन्हा मोजला. सव्वीसच. डाव्याचा सत्तावीस.

शालन नलवडे वेळंब्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी होती. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत तिने लाखभर डोळे तरी मोजले असतील. हणमंत तिचा धाकटा भाऊ, डोंगरमाथ्यावर जांभूळसड्याच्या पवनचक्क्यांवर तंत्रज्ञ. बायकोला, दीपालीला, घेऊन तो वरच कंपनीच्या खोल्यांत राहायचा. सुट्टी मंगळवारी, म्हणून मंगळवारीच खाली यायचा. बाजार करायचा, बहिणीकडे जेवायचा आणि जाता जाता डोळे दाखवायचा.

जुनी पद्धत तिच्या हातात मुरलेली होती. डोळ्यात बधिर करणारा थेंब, मग पिवळा रंग, समोरून निळा उजेड. यंत्राचं बोथट टोक बुबुळाला टेकलं की भिंगातून दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना शिवेपर्यंत चाक फिरवायचं आणि चाकावरचा आकडा वाचायचा. दहा ते एकवीस ठीक. त्यापुढे काळजी.

"किती?" हनुवटी यंत्रावरून न उचलता हणमंतने विचारलं.

"सव्वीस, सत्तावीस. आता तुझा ताईत काय म्हणतोय बघू."

त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात रुपयाएवढी पांढरी चकती होती. शालनने टॅब्लेट जवळ नेला. पडद्यावर उजवा सव्वीस, डावा सत्तावीस. अर्ध्याचाही फरक नव्हता. तिने 'पडताळणी पूर्ण' या शब्दांवर बोट ठेवून सही केली. दर सहा महिन्यांनी डोळ्यातला मापक असा जुन्या यंत्राशी ताडून पाहायचा, हा नियम होता. हणमंतच्या डोळ्यातले मापक अचूक आहेत असं तिने आजवर तीन वेळा लिहून दिलं होतं. पुढे तिने ते सगळे कागद काढून पाहिले. तिन्ही वेळा ती बरोबर होती.

डोळ्यात एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि कडेच्या बारीक जाळीतून निचरून जातो. जाळी तुंबली की द्रव साचतो, दाब वाढतो आणि मागच्या दृष्टिनाडीचे तंतू एकेक करून मरतात. हा काचबिंदू. तो दुखत नाही, डोळा लाल होत नाही. नजर कडेकडून जाते, आणि गेलेल्या जागा मेंदू आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो, त्यामुळे माणसाला काही गेल्याचं कळत नाही. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ धडाधड वाचणारा माणूस बाजूने आलेल्या मोटारसायकलखाली सापडतो. मेलेला तंतू परत येत नाही. हातात एकच गोष्ट असते, दाब वेळेत उतरवणं.

त्यासाठी तो मोजावा लागतो आणि अडचण तिथेच आहे. जिवंत माणसाच्या डोळ्यात रोज सुई घालता येत नाही. म्हणून बाहेरून दाबायचं, आणि बुबुळाचा एवढासा भाग सपाट करायला किती जोर लागला त्यावरून आतला दाब ठरवायचा. बुबुळावरचं पारदर्शक पटल पातळ असेल तर आकडा खोटाच कमी येतो, जाड असेल तर खोटाच जास्त. माणसाने श्वास कोंडला तरी आकडा चढतो. एवढं करून हाती येतो तो दवाखान्यातल्या एका मिनिटाचा दाब. डोळा मात्र चोवीस तास बदलत असतो. बहुतेकांचा दाब सकाळी सर्वांत जास्त असतो आणि संध्याकाळकडे उतरतो.

'नेत्रमान' आलं आणि ही अडचण संपली असं सगळ्यांनाच वाटलं. तिळाएवढा मापक छोट्या शस्त्रक्रियेने डोळ्यात बसवायचा. तो दर पाच मिनिटांनी आतला दाब टिपतो. मात्र डोळ्यावर हवेचंही वजन असतं, आणि मापकाला दोन्ही मिळूनच कळतं. जांभूळसड्यावर हवेचा दाब पाऱ्याचे सहाशे पासष्ट मिलिमीटर. मापक सहाशे नव्वद म्हणाला, तर त्यातले पंचवीस डोळ्याचे. म्हणजे हवेचा दाब त्याच वेळी मोजून वजा करायला हवा. ते काम गळ्यातल्या चकतीचं. कंपनी तिला 'बाह्य दाबनोंदक' म्हणत होती. लोकांनी पहिल्याच आठवड्यात तिचा ताईत केला, आणि वर्षभरात कंपनीनेही तो शब्द उचलला. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत एकच सूचना होती: 'ताईत सतत जवळ ठेवा.' डोळ्यातल्या मापकाशी त्याचा संपर्क तुटला की पडद्यावर लाल ठिपका यायचा. जुळलेला असला की हिरवा, आणि खाली अक्षरं, 'ताईत जवळ आहे.'

दीड वर्षात हणमंतच्या नोंदीत एकही लाल ठिपका नव्हता.

होता तो मंगळवार. आलेखात तो दर आठवड्याला दातासारखा वर यायचा. एरवीच्या दिवशी हणमंत सकाळी साडेसहाला थेंब घालायचा आणि आठच्या सुमारास दाब पंधरावर आलेला असायचा. दुपारी चारनंतर तो वीस-एकवीसवर चढायचा, म्हणजे औषधाचा जोर ओसरला. आठला पुन्हा थेंब. रात्री आडवं झाल्यावर सगळ्यांचाच दाब वाढतो, तेवढा नेत्रमान हिशेबातून वगळायचं. मंगळवारी मात्र साडेसहानंतर काहीच उतरायचं नाही. दुपारपर्यंत सव्वीसच्या सव्वीस. नेत्रमानने त्याचा अर्थ एका ओळीत लिहिला होता: 'सुट्टीच्या दिवशी औषध चुकते.'

जिल्ह्याच्या ठिकाणी बसणाऱ्या डॉ. निखत मुल्ला यांना मंगळवारचे आकडे आवडले नव्हते. द्रवाला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया आताच करावी, असं त्यांचं मत होतं. पण जो औषध नियमित घेत नाही त्याच्या शस्त्रक्रियेची नंतर निगा राहत नाही, म्हणून मंजुरीच्या अर्जात स्थानिक अधिकाऱ्याला एक प्रश्न असायचा. रुग्ण औषधात नियमित आहे की अनियमित? तो अर्ज त्या मंगळवारी शालनच्या टॅब्लेटवर होता.

"मंगळवारी थेंब घालत नाहीस तू," ती म्हणाली.

"घालतो की. दीपालीला विचार."

"यंत्र न्हाई म्हणतंय."

"माझ्याच डोळ्यात बसून माझीच चुगली करतंय व्हय." हणमंत हसला. ती हसली नाही हे पाहून तो गंभीर झाला. "अक्का, न्हाई गं चुकवत. खरंच."

शालनला तो सात वर्षांचा असतानाचा आठवत होता. जंताचं औषध मोरीत ओतून पेला तोंडाला लावायचा आणि 'प्यालो' म्हणून ओठ पुसायचा. ती पकडायची. आता चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता, पण 'खरंच' म्हणायची पद्धत तीच होती. शिवाय नुसतं यंत्र सांगत होतं असं नाही. तिने स्वतःच्या हाताने सव्वीस मोजला होता. दोन वेगळ्या पद्धती एकच आकडा सांगत होत्या. अशा वेळी माणसाच्या शब्दाला जागा उरत नाही, असंच ती नव्या मुलींना शिकवत आली होती.

"असं कर," हणमंत म्हणाला, "पुढच्या मंगळवारी तूच ये वर. तुझ्या हातानं घाल."

"माझ्यासमोर एक दिवस घालून काय सिद्ध होणार? बाकीच्या दिवसांचं काय?"

हणमंत उठला. तो पिशवी घेऊन बाजारात गेला. शालनने 'अनियमित' वर खूण केली. शस्त्रक्रिया तीन महिने पुढे ढकलली जाईल, तेवढ्यात धाक बसेल, असा तिचा अंदाज होता.

नियम असा होता की सलग तीन महिने औषध नियमित दिसलं की अर्ज पुन्हा विचारात येईल. सलग तीन महिन्यांत बारा-तेरा मंगळवार येतात. प्रत्येक मंगळवारी मोजणी पहिल्यापासून सुरू व्हायची.

दीपालीने मोबाइलवर चित्रफिती पाठवायला सुरुवात केली. मंगळवार, सकाळचे साडेसहा, खुर्चीत मागे मान टाकलेला हणमंत, खालची पापणी ओढून घातलेला थेंब. शालनने पहिल्या दोन पाहिल्या. नंतर ती नुसतं 'ठीक' लिहायची. नेत्रमान चित्रफिती घेत नव्हतं, आणि दोन मिनिटांची चित्रफीत खरी असली तरी आलेखात काही दिसत नव्हतं. दाब उतरलाच नाही तर औषध घातलं कसं म्हणायचं?

सहा महिन्यांनी हणमंत ताईत पडताळायला आला. शालनने पुन्हा तेच विचारलं. या वेळी तो हसला नाही आणि चिडलाही नाही. "तुला जे दिसतंय ते लिही," एवढंच म्हणाला. तेव्हापासून त्याने तिच्याकडे जेवायला येणं सोडलं. बाजार करून परस्पर सड्याची जीप धरायचा.

दीपालीचा फोन आला. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "ताई, खोटं बोलत असते तर भांडले असते हो तुमच्याशी. हे गप बसलेत." शालनने तिला समजावलं की औषधाची टाळाटाळ करणारे असेच गप बसतात, तिने शेकड्याने पाहिलेत. दीपालीने बरं म्हणून फोन ठेवला. त्यानंतर चित्रफिती बंद झाल्या.

पुढच्या पडताळणीला, पहिल्या अर्जाला एक वर्ष होऊन गेल्यावर, हणमंत आला तेव्हा शालनने त्याला चहा दिला. डाव्या बाजूने कप पुढे केला. त्याने घेतला नाही. रुसला आहे असं वाटून ती तशीच कप धरून उभी राहिली.

"घे की. किती वेळ धरू?"

हणमंतने मान वळवली. कप दिसताच त्याचा हात आपोआप पुढे आला. "इथं होता व्हय," तो म्हणाला.

शालनने कप त्याच्या हातात दिला आणि कोठाराची किल्ली शोधायला गेली.

दृष्टीचं क्षेत्र तपासणारं यंत्र दोन वर्षांपासून लशींच्या रिकाम्या खोक्यांखाली पडलं होतं. नेत्रमान आल्यापासून ज्यांचा आलेख चांगला त्यांची ही तपासणी तीन वर्षांतून एकदा पुरेशी मानली जायची. कामाच्या दिवसांमुळे हणमंतचा सरासरी दाब सतरा होता, म्हणजे चांगला. पवनचक्कीवर चढायला लागणाऱ्या दाखल्यासाठी भिंतीवरचा तक्ता वाचला की भागायचं. तो हणमंत शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा.

तिने यंत्र पुसलं, जोडलं, त्याचा उजवा डोळा झाकला. आत मधल्या खुणेकडे पाहत राहायचं, कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं, हे समजावलं आणि तपासणी सुरू केली. शालनला बाजूच्या पडद्यावर ठिपके दिसत होते. वर डावीकडे. खाली. कडेला. पुन्हा वर.

"सुरू झालं का गं?" हणमंतने विचारलं.

सुरू होऊन तीन मिनिटं झाली होती.

कागद बाहेर आला तेव्हा डाव्या डोळ्याच्या वर्तुळात मधे नाण्याएवढा पांढरा भाग होता. बाकी काळं. उजव्याचा वरचा अर्धा भाग काळा. तिने तो कागद घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला आणि हणमंतला सांगितलं की थोडी नजर कमी झाली आहे, दोन दिवस वर चढू नकोस. तो म्हणाला की मोठ्या चक्कीचा गिअरबॉक्स खोललाय, माणसं कमी आहेत. वर काय पळायचं असतं? जिथं हात तिथंच नजर.

तेव्हासुद्धा शालनला वाटत होतं की हे मंगळवारांनी केलं. आठवड्यातून एक दिवस औषध चुकवून एवढं जाईल का, हा प्रश्न तिला पडला आणि तिने त्याचं उत्तर असं काढलं की तो एकच दिवस चुकवत नसणार. कामाच्या दिवशीही काहीतरी लबाडी असणार. ती कोणती, हे वर जाऊन पकडायचं तिने ठरवलं. गुरुवारची रजा टाकली.

सकाळी सव्वासहाला ती सड्यावर पोहोचली. काळ्या कातळाचं सपाट माळरान, त्यावर ओळीने चक्क्या. दीपाली दार उघडून बाजूला झाली. साडेसहाला हणमंतने बहिणीसमोर खुर्चीत मान टाकली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. पापण्या मिटून कोपरे बोटांनी दाबून धरले, औषध घशात उतरू नये म्हणून. ही युक्ती अडीच वर्षांपूर्वी तिनेच शिकवली होती, आणि ती फार कमी लोक पाळतात. शालनने दोन मिनिटं मोजली. त्याने पूर्ण दोन मिनिटं धरले.

साडेसातला ती त्याच्याबरोबर चक्कीच्या पायथ्याशी गेली. मनोरा एकशे तीस मीटर उंच, आत छोटी लिफ्ट. दाराशी सुरक्षेचे पाटणकर बसले होते, समोर पत्र्याचा ट्रे. हणमंतने खिशातला मोबाइल ट्रेमध्ये टाकला, किल्ल्या टाकल्या, अंगठी काढली. मग मान वाकवून काळा दोरा काढला आणि ताईत अंगठीशेजारी ठेवला.

"तो पण?" शालनने विचारलं.

"गळ्यात लोंबकळतं काही चालत न्हाई अक्का."

पाटणकरांनी पाटीकडे बोट केलं. मागे एकाची साखळी शिडीच्या खिळ्यात अडकली होती, तेव्हापासून नियम कडक. "इथं बायकांचं मंगळसूत्रसुद्धा उतरतं बाई," ते म्हणाले. "ताइताची काय कथा? पण हणमंतरावांचा ताईत आम्ही असा जपतो. हा बघा, हिरवा."

ट्रेमधल्या मोबाइलवर हिरवा ठिपका होता. ताईत जवळ आहे.

कंपनीने संपर्काचा पल्ला दोनशे मीटर ठेवला होता. घरात रुग्ण एका खोलीत आणि ताईत दुसऱ्या खोलीत असला तरी नोंद तुटू नये, एवढाच त्यामागचा विचार. ताईत पायथ्याशी आणि माणूस त्याच्या बरोबर डोक्यावर एकशे तीस मीटर, ही शक्यता कुणाच्या मनात आली नव्हती. शालनच्या मनातही अजून आली नव्हती. तिला औषधाने दाब उतरताना पाहायचा होता. तिने टॅब्लेटवर थेट नोंद सुरू केली. उजवा डोळा, पंचवीस.

लिफ्टचं दार लागलं.

चोवीस. तेवीस. एकवीस. शालनने घड्याळ पाहिलं. अठरा. सोळा. नऊ मिनिटांनी वरून घंटी वाजली तेव्हा पडद्यावर पंधरा होते.

या थेंबाचा पूर्ण परिणाम व्हायला दोन तास तरी लागतात. नऊ मिनिटांत दाब दहाने उतरवणारं औषध तिने एकोणतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिने पाटणकरांकडून बिनतारी संच मागून घेतला. हणमंतला खाली यायला सांगितलं, पण निम्म्यात थांबून. का, असं त्याने विचारलं. थांब म्हणते ना, ती म्हणाली. लिफ्ट निघाली. सतरा, अठरा, एकोणीस. पाटणकर म्हणाले, निम्म्यावर आली बघा. पडद्यावर वीस होते आणि वीसच राहिले.

"हणमंता, किती मीटरवर आहेस?"

"पासष्ट लिहिलंय भिंतीवर."

उंच जावं तशी हवा विरळ होते, हे तिला शाळेपासून माहीत होतं. सड्यावर एकशे तीस मीटर म्हणजे पाऱ्याचे दहा मिलिमीटर. वर हणमंतच्या डोळ्यावर हवेचं वजन सहाशे पंचावन्न असायचं, आणि त्यातून वजा व्हायचे ट्रेमधल्या ताइताने मोजलेले सहाशे पासष्ट. मापक खरं बोलत होता. ताईतही खरं बोलत होता. वजाबाकी खोटी होती, आणि ती रोज सकाळी, दाब सर्वांत जास्त असण्याच्या वेळी, आठ तास होत होती. नेत्रमानने लिफ्टला औषध समजलं होतं. आलेख तासाच्या सरासरीचा, त्यात लिफ्टची नऊ मिनिटं कुणाला दिसणार? थेंब बहुधा पहिल्यापासूनच पुरेसं काम करत नव्हता, आणि ते फक्त मंगळवारी दिसत होतं. हणमंत मंगळवारीच खाली यायचा, म्हणून तिच्या जुन्या यंत्रानेही मंगळवारचीच साक्ष दिली होती.

तिने ताईत ट्रेमधून उचलून मुठीत धरला. त्याने काही बदलणार नव्हतं.

"आलो का खाली?" संचावर आवाज आला.

"ये."

एकवीस. तेवीस. चोवीस. ती आकडे वाचत होती आणि तिला ते थांबवता येत नव्हते. दार उघडलं तेव्हा पंचवीस होते. हणमंत बाहेर आला, डावा खांदा त्याने चौकटीला घासला, आणि ते त्याच्या लक्षात आलं नाही.

"बघितलंस? घातला का न्हाई थेंब?"

"घातलास," शालन म्हणाली.

तिथूनच तिने डॉ. निखत यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग त्यांच्या बाजूने पेनचा आवाज येत राहिला. त्या गणित करत होत्या. "म्हणजे शालनताई, मंगळवारचे आकडे खरे होते," त्या अखेर म्हणाल्या.

"मंगळवारचेच होते फक्त."

नवव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. दाब अकरावर आला आणि अकरावर राहिला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली असं कागदावर लिहिलं गेलं, आणि त्यात चूक काही नव्हती. गेलेली नजर परत येणार नव्हती हे हणमंत, शालन आणि डॉ. निखत तिघांनाही आधीपासून माहीत होतं. चार महिन्यांनी डाव्या डोळ्यातलं ते नाण्याएवढं वर्तुळही मिटलं. कधीकधी दाब उतरल्यावरही नाडी खचत जाते, ते डॉक्टरांच्या हातात नसतं. उजव्यात समोरची खालची अर्धी खिडकी उरली. कंपनीने हणमंतला चढाईवरून काढून खाली भांडारात घेतलं, पण तिथे डब्यांवरची लेबलं वाचायची होती. दोन महिन्यांत तो घरी बसला.

नेत्रमान कंपनीने चौकशी केली आणि तत्परतेने केली, हेही नोंदवलं पाहिजे. देशभरात आणखी आठ रुग्ण सापडले. उंच क्रेनचा एक चालक होता, तो ताईत कपाटात ठेवून वर जायचा. एक खाणीतला होता. तो ताईत वर ठेवून खाली उतरायचा, म्हणून त्याचा दाब खोटाच जास्त दिसायचा आणि गरज नसताना डोळ्यावर शस्त्रक्रिया होऊन बसली होती. माहितीपत्रक नव्याने छापलं गेलं. मराठीत एक शब्द बदलला. 'जवळ'च्या जागी 'अंगावर'.

आलेखही सुधारून आला. मनोऱ्याची उंची धरून पूर्ण अडीच वर्षांचे आकडे पुन्हा काढले होते. आता मंगळवार वेगळा दिसत नव्हता. सगळेच दिवस मंगळवार होते.

शेरा मात्र निघाला नाही. 'औषध अनियमित', खाली शालन नलवडे यांची सही, तारीख, वेळ. वैद्यकीय नोंद पुसता येत नाही, हा नियम चांगल्यासाठीच केलेला आहे. तिने तीन अर्ज केले. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, की मूळ नोंद कायम राहील, हवं तर खाली दोनशे अक्षरांत टीप जोडा.

टीप जोडून ती रविवारी सड्यावर गेली. कंपनीची खोली सोडायला महिना उरला होता, दीपाली आत भांडी खोक्यांत भरत होती. हणमंत ओट्यावर बसला होता, गळ्यात ताईत. शालन डावीकडून आली, तेव्हा त्याला आधी पावलं ऐकू आली.

"बघतेस?" त्याने मान मागे टाकली. ती नोकरीला लागायच्या आधी, शिकत असताना, सराव म्हणून त्याच्याच मिटल्या पापण्यांवर दोन बोटं ठेवून डोळ्याचा कडकपणा चाचपायची. यंत्रांच्या आधी वैद्य असंच करायचे. तिने बोटं ठेवली. डोळे मऊ होते, हवे तेवढेच.

"किती?"

"अकराच्या आसपास."

"मग झ्याक हाय की." तो थोडा हसला. "दीपाली म्हणत होती, काहीतरी लिहून आणलंयस."

तिने टॅब्लेट त्याच्यापुढे धरला. मग लक्षात येऊन परत घेतला.

"वाच तूच."

"'रुग्णाने औषध कधीही चुकवले नव्हते,'" शालनने वाचलं. "'वरील शेरा माझी चूक आहे.' खाली सही आहे माझी."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. हणमंत समोर चक्क्यांकडे तोंड करून बसला होता. त्यातल्या खालच्या अर्ध्या त्याला दिसत असाव्यात, नुसते खांब, पाती नाहीत.

"मंगळवारी पण?" त्याने विचारलं.

"मंगळवारी पण."

"ते लिहिलं न्हाईस."

अक्षरांची मर्यादा शिल्लक होती. पण टीप एकदा सही करून दाखल झाली की ती नोंदच होते, आणि नोंद बदलता येत नाही. शालनने त्याला हे सांगितलं. त्याने मान डोलावली, जशी तो गेलं वर्षभर तिच्या प्रत्येक आकड्याला डोलवत आला होता.

"असू दे," तो म्हणाला. "कधीही म्हंजे मंगळवार आलाच त्यात. परत एकदा वाच."

तिने परत वाचलं.